दोन वेगळी कार्डं, एक सीन: ब्लेंडरमध्ये व्हीरॅमचा हिशेब कसा जमवायचा

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठीच्या मशीनमध्ये १२ जीबी व्हीरॅमचं (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं) आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड आहे, शेजारच्या स्लॉटमध्ये जुनं ६ जीबीचं जीटीएक्स १६६० सुपर बसवलं, म्हणजे आता १८ जीबी मेमरी झाली, असं अनेकजण धरून चालतात. मग एकट्या ३०६० वर सुरळीत चालणारा ८ जीबीचा सीन दोन्ही कार्डांवर टिक करून लावला की एकतर ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून थांबतो, नाहीतर आधीपेक्षा हळू चालतो. दोष कुठल्याच कार्डाचा नसतो. सायकल्स हे ब्लेंडरचं रेंडर इंजिन (सीनवरून अंतिम चित्र बनवणारा भाग) काम कार्डांमध्ये वाटून देतं, सीन मात्र वाटत नाही. फ्रेमच्या आडव्या पट्ट्या पाडल्या जातात, वेगवान कार्डाला जाड पट्टी आणि मंद कार्डाला बारीक पट्टी मिळते, आणि रेंडर चालू असताना हे प्रमाण जुळवलं जातं. पण पट्टी कितीही बारीक असली तरी तिच्यातून निघालेला किरण आरशावरून उडून सीनच्या कुठल्याही कोपऱ्यात जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक कार्डाकडे सगळी भूमिती, सगळी टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवायची चित्रं) आणि किरण कशाला आदळतो ते झटपट शोधून देणारी बीव्हीएच ही रचना पूर्ण लागते. परिणामी सर्वांत लहान कार्ड जेवढं सामावून घेईल तेवढाच तुमचा सीन.

याला एक अपवाद आहे. एनव्हीलिंक या एनव्हीडियाच्या थेट जोडणीने जोडलेल्या एकाच जातीच्या दोन कार्डांना एकमेकांची मेमरी वाचता येते. ब्लेंडर २.९० पासून प्रेफरन्सेसच्या ‘सिस्टिम’ भागात ‘डिस्ट्रिब्यूट मेमरी अक्रॉस डिव्हायसेस’ हा पर्याय त्यासाठीच आहे. पण जीफोर्सच्या ३० मालिकेत एनव्हीलिंक फक्त ३०९० वर्गाच्या कार्डाला होतं आणि ४० मालिकेत ते काढूनच टाकलं. वेगवेगळी कार्डं असलेल्या मशीनला या पर्यायाचा उपयोग नाही, तेव्हा तो विसरलेला बरा.

आधी ठरवा: लहान कार्ड या कामात हवं का?

सीन कापायला घेण्याआधी हा प्रश्न सोडवायला हवा, आणि बहुतेकजण नेमका तोच टाळतात. समजा, एक फ्रेम मोठ्या कार्डावर ६ मिनिटं घेते आणि लहानावर १२. दोन्ही मिळून आदर्श वेळ ४ मिनिटं, म्हणजे एक तृतीयांश बचत. ही बचत खरी आहे, पण सीन दोन्ही कार्डांत आरामात बसत असेल तरच. मेमरी कमी पडून लहान कार्ड सिस्टिमच्या रॅममधून टेक्स्चर ओढू लागलं आणि त्याची फ्रेम ३० मिनिटांवर गेली, तर दोघांचा एकत्र वेळ ५ मिनिटांवर येतो. त्यात दोन कार्डांवर सीन चढवण्याचा आणि दोनदा बीव्हीएच बांधण्याचा वेळ मिळवा. फ्रेम मुळातच २०-३० सेकंदांची असेल तर हा वरखर्च सगळी बचत खाऊन टाकतो.

म्हणून माझा क्रम असा: पहिल्यांदा तोच सीन फक्त मोठ्या कार्डावर, कमी सॅम्पलवर (पिक्सेलमागे कमी किरण) चालवा आणि मेमरी किती लागते ते पाहा. आकडा लहान कार्डाच्या क्षमतेच्या वर असेल आणि थोडं कापून तो खाली येत असेल, तर कापा. दुप्पट-तिप्पट वर असेल तर लहान कार्डाची टिक काढा आणि त्याला दुसरं काम द्या. ते कसं, ते पुढे येईलच.

सीपीयूलाही सोबत टिक करणाऱ्यांसाठी एक सूचना. सीपीयू जोडल्याने मेमरीची मर्यादा सैल होत नाही. जोडीला असलेल्या लहान कार्डात सीन मावला नाही तर सगळं रेंडर थांबतं, उरलेलं काम सीपीयू एकटा पुढे नेत नाही. शिवाय सीपीयूसाठी वेगळी बीव्हीएच बांधली जाते, ती रॅममध्ये बसते.

मोजायचं कशाने

रेंडर विंडोत दिसणारे ‘मेम’ आणि ‘पीक’ हे आकडे सायकल्सचे स्वतःचे आहेत. डेस्कटॉप, ब्राउझर, ब्लेंडरचा व्ह्यूपोर्ट (काम करायची थ्रीडी खिडकी) यांनी कार्डात किती जागा अडवली आहे ते त्यात येत नाही. खरी स्थिती हवी तर टर्मिनलमध्ये एनव्हीडिया-एसएमआय चालवा, त्याला डॅश एल १ हा पर्याय दिला की दर सेकंदाला ताजा आकडा येतो. विंडोजवर टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात प्रत्येक कार्डाखाली ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’ असे दोन आलेख असतात. डेडिकेटेड काठोकाठ भरून शेअर्ड वर चढू लागला, म्हणजे कार्ड भरलं आणि डेटा रॅममध्ये सांडू लागला.

सीनमधलं नेमकं काय किती जागा खातं हे पाहायची सर्वांत चांगली सोय मात्र कमांड लाइनवर आहे. ब्लेंडर बॅकग्राउंडमध्ये चालवताना, शेवटी दोन सुटे डॅश देऊन त्यापुढे ‘सायकल्स-प्रिंट-स्टॅट्स’ हा पर्याय लावला, की रेंडर संपल्यावर मेश (वस्तूंची भूमिती) आणि इमेज यांची मेमरीनुसार यादी छापून येते. या यादीत बहुतेक वेळा आश्चर्याचा धक्का बसतो: बेडरूमच्या सीनमध्ये सर्वांत जड वस्तू पलंग नसून कोपऱ्यातल्या कुंडीतलं झाड असतं, किंवा कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या भिंतीमागची ८के लाकडाची टेक्स्चर. ही यादी हातात असल्याशिवाय काहीही कापू नका.

एरर कुठल्या टप्प्यावर आली यावरूनही दुखणं ओळखता येतं. इमेज लोड होताना घोडं अडलं तर टेक्स्चर जड आहेत. बीव्हीएच बांधताना अडलं तर भूमिती. आणि इथे एक मेख आहे, बीव्हीएच बांधताना तात्पुरती जास्तीची मेमरी लागते, त्यामुळे बांधून झाल्यावर मावणारा सीनसुद्धा बांधताना पडू शकतो. पहिलं सॅम्पल सुरू होताच पडलं तर किरणांची अवस्था साठवायची जागा आणि रेंडर बफर यांच्यासाठी काही उरलेलं नाही. सगळी सॅम्पलं होऊन शेवटी पडलं तर डिनॉइझर, म्हणजे चित्रातले दाणे पुसणारा भाग.

ॲनिमेशनमध्ये पहिली फ्रेम मावली म्हणजे झालं असं नसतं. कॅमेरा जवळ जातो तशी अॅडॅप्टिव्ह सबडिव्हिजन (अंतरानुसार मेश बारीक चिरणं) वाढते, धुराचा व्हॉल्यूम पसरतो, पाण्याची मेश फुगते. रात्रभराचं रेंडर लावण्याआधी कॅमेरा सर्वांत जवळ असलेली आणि सिम्युलेशन सर्वांत पसरलेलं असलेली अशा दोन-तीन फ्रेम आधी चालवून पाहा.

फुकटात मिळणारी जागा

सीनला हात न लावता मोकळी होणारी जागा आधी घ्या. मॉनिटरची केबल ज्या कार्डाला, त्याच्या मेमरीतून डेस्कटॉप आणि ब्राउझर आपला वाटा घेतात. प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स असेल तर केबल मदरबोर्डला लावा, म्हणजे दोन्ही कार्डं रिकामी राहतात. ते नसेल तर विचार करून ठरवा: लहान कार्ड रेंडरमधून काढलंच असेल तर मॉनिटर त्यालाच द्या, दोन्ही कार्डं रेंडर करणार असतील तर मॉनिटर मोठ्या कार्डाला द्या, कारण अडचण लहान कार्डाची आहे.

एफ१२ दाबताना व्ह्यूपोर्ट ‘रेंडर्ड’ मोडमध्ये सोडू नका; त्याचीही सीनची एक प्रत कार्डात बसलेली असते. ‘सॉलिड’वर या, ‘रेंडर’ मेनूत ‘लॉक इंटरफेस’ लावा. त्याहून चांगलं म्हणजे फाइल सेव्ह करून, ब्लेंडर बंद करून कमांड लाइनवरून रेंडर करा. व्ह्यूपोर्टच नसल्याने त्याची टेक्स्चरही कार्डात जात नाहीत. ‘पर्सिस्टंट डेटा’ हा पर्याय फ्रेमगणिक वेळ वाचवतो, पण मेमरी धरून ठेवतो. काठावर असलेल्या सीनमध्ये तो बंदच हवा.

टेक्स्चर: सर्वांत मोठी बचत इथेच

डिस्कवर ३ एमबीची जेपेग फाइल दिसते म्हणून ती हलकी समजू नका. सायकल्स ती उलगडून कार्डात ठेवतं. हिशेब सरळ आहे: रुंदी गुणिले उंची गुणिले पिक्सेलमागचे बाइट. ८ बिटच्या रंगीत चित्राला पिक्सेलमागे ४ बाइट, कारण लाल-हिरवा-निळा असे तीनच चॅनल असले तरी जागा चारांची घेतली जाते. म्हणून १के (१०२४ बाय १०२४) चित्राला ४ एमबी, २केला १६, ४केला ६४ आणि ८केला २५६ एमबी. १६ बिट असेल तर दुप्पट, ३२ बिट फ्लोट असेल तर चौपट.

टाऊनशिपच्या एखाद्या सॅम्पल फ्लॅटचा इंटिरियर सीन घ्या. ४० मटेरियल, प्रत्येकी चार ४के मॅप: रंग, रफनेस (खरखरीतपणा), नॉर्मल (बारीक उंचसखलपणा), अॅम्बियंट ऑक्लूजन (खाचाकोपऱ्यांतली सावली). सगळे रंगीत स्वरूपात सेव्ह केलेले असतील तर १६० गुणिले ६४, म्हणजे १०,२४० एमबी. १२ जीबीचं कार्ड इथेच गच्च भरलं. आता रफनेस आणि ऑक्लूजन हे मॅप मुळात करडे असतात. ते खऱ्या ग्रेस्केल फाइल म्हणून सेव्ह केले, तर एकच चॅनल साठवला जातो आणि ६४ ऐवजी १६ एमबी लागतात. चित्रात काडीचाही फरक न पडता एकूण ६,४०० एमबीवर आलो. त्यानंतर ४० पैकी कॅमेऱ्याच्या जवळ येणारी १२ मटेरियल ४केवर ठेवा आणि उरलेली २८, म्हणजे मागची भिंत, पडद्यामागची खिडकी, टेबलाच्या पायांचं लाकूड, ही २केवर आणा. १,९२० अधिक १,१२०, एकूण ३,०४० एमबी. आता हा सीन ६ जीबीच्या कार्डाच्याही आवाक्यात आला.

ग्रेस्केल करताना फाइल नुसती करडी दिसून भागत नाही; तिचा कलर मोड बदलायला हवा. गिंपमध्ये ‘इमेज’ मेनूतून ‘मोड’ आणि ‘ग्रेस्केल’ निवडून नव्याने एक्स्पोर्ट करा. नॉर्मल मॅपला हे लागू नाही, त्याचे तिन्ही चॅनल कामाचे असतात. डिस्प्लेसमेंट मॅप ग्रेस्केल करा पण १६ बिट ठेवा. ८ बिटवर आणला तर पृष्ठभागावर पायऱ्या दिसू लागतात.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. एकच फाइल दोन नोडमध्ये वापरली तर सायकल्स ती एकदाच ठेवतं, पण दोन्ही नोडची सेटिंग तंतोतंत सारखी असतील तरच. एका नोडमध्ये इंटरपोलेशन ‘लिनिअर’ आणि दुसऱ्यात ‘क्युबिक’, किंवा एकीकडे ‘एसआरजीबी’ आणि दुसरीकडे ‘नॉन-कलर’, किंवा ‘रिपीट’च्या जागी ‘एक्स्टेंड’ असलं, की तीच फाइल कार्डात दोनदा बसते. तोच फोटो रंगासाठी आणि बंपसाठीही वापरायची सवय असलेल्यांच्या सीनमध्ये ही दुहेरी भरती हमखास सापडते. असेट लायब्ररीतून प्रोजेक्ट फोल्डरमध्ये कॉपी केलेल्या फाइलींचंही तेच: पाथ वेगळा म्हणजे इमेज वेगळी.

आकाशासाठी वापरायची एचडीआर फाइल (प्रकाशाची खरी तीव्रताही साठवणारं चित्र) वेगळी मोजा. ८के म्हणजे ८१९२ बाय ४०९६, ३२ बिट फ्लोट, पिक्सेलमागे १६ बाइट: ५१२ एमबी. १६के घेतली तर २ जीबी, म्हणजे ६ जीबी कार्डाचा तिसरा हिस्सा एका आकाशात गेला. प्रकाशासाठी २के एचडीआर बऱ्याचदा पुरते, तिला ३२ एमबी लागतात. खिडकीतून आकाश स्पष्ट दिसायला हवं असेल तर वर्ल्ड शेडरमध्ये लाइट पाथ नोडचा ‘इज कॅमेरा रे’ वापरा: कॅमेऱ्याला ८केची ८ बिट जेपेग दाखवा, १२८ एमबी, आणि बाकी सगळ्या किरणांना २के एचडीआर. मात्र आरसा किंवा काचेतून दिसणारं आकाश मग २केवालंच असेल, हे ध्यानात ठेवा. सूर्याची तळपती टिकली असलेल्या एचडीआरमध्ये सावल्यांची धारही थोडी मऊ होते. तिथे वेगळा सन लॅम्प लावलेला चांगला.

घाई असेल तर ‘सिम्प्लिफाय’ पॅनेलमधली रेंडरची ‘टेक्स्चर लिमिट’ २०४८ वर आणा, सगळी चित्रं तेवढ्यावर छाटली जातात. उपाय झटपट आहे पण सरसकट. जवळच्या सोफ्याचं कापडही त्यात भरडलं जातं. अंदाज घेण्यासाठी वापरा, अंतिम रेंडरसाठी यादी बघून हाताने बदल करा.

भूमिती

सबडिव्हिजनची एक पातळी वाढली की मेशचे चेहरे (फेस, म्हणजे तिचे सपाट तुकडे) चौपट होतात. १५,००० चेहऱ्यांचा सोफा तिसऱ्या पातळीवर ६४ पट, म्हणजे ९,६०,००० चौकोन, म्हणजेच १९ लाखांहून जास्त त्रिकोण. दुसऱ्या पातळीवर तोच ४,८०,००० त्रिकोणांत होतो आणि तीन मीटरवरून फरक कळत नाही. अॅडॅप्टिव्ह सबडिव्हिजन वापरत असाल तर डाइसिंग रेट (एका तुकड्याचा पिक्सेलमधला आकार) १ पिक्सेलवरून २ वर नेला की सूक्ष्म चेहरे साधारण एक चतुर्थांश होतात. सीन न मावण्याचं कारण हे असेल तर सगळ्यांत आधी हाच आकडा बदला.

झाडं, खुर्च्या, दिवे, कौलं यांच्या प्रती कशा केल्या आहेत ते तपासा. शिफ्ट-डीने केलेली प्रत स्वतःची मेश घेऊन येते, ऑल्ट-डीने केलेली प्रत मूळ मेशच वापरते. ऑब्जेक्ट डेटाच्या टॅबमध्ये मेशच्या नावापुढे आकडा दिसला तर तितके ऑब्जेक्ट ती मेश वापरत आहेत. आधीच शिफ्ट-डी करून बसला असाल तर सगळ्या प्रती निवडून, मूळ ऑब्जेक्ट शेवटी निवडून कंट्रोल-एलने ‘लिंक ऑब्जेक्ट डेटा’ करा. पण इथे एक खाच आहे: लिंक केलेल्या ऑब्जेक्टवर मॉडिफायर असेल तर ब्लेंडर प्रत्येकासाठी मेश वेगळी घडवतं आणि बचत संपते. म्हणून मॉडिफायर अप्लाय करून मग लिंक करा, किंवा ऑब्जेक्ट एका कलेक्शनमध्ये टाकून त्या कलेक्शनचे इन्स्टन्स (मूळ भूमितीच वापरणाऱ्या प्रती) ठेवा. अॅरे मॉडिफायर खरी भूमिती तयार करतो, इन्स्टन्स नाही. जिऑमेट्री नोड्समध्ये ‘इन्स्टन्स ऑन पॉइंट्स’ मेमरी वाचवतो. पण त्यापुढे कुठेतरी ‘रिअलाइज इन्स्टन्सेस’ बसवला असेल तर ५०० झाडांची ५०० खरी झाडं होतात. कुणाचा तरी तयार नोड ग्रुप आणला असेल तर तो उघडून हा नोड आधी शोधा.

कॅमेऱ्याबाहेरची वस्तूही पूर्ण मेमरी घेते, कारण तिचं प्रतिबिंब किंवा सावली चित्रात येऊ शकते. सिम्प्लिफायमध्ये कॅमेरा कलिंग (चौकटीबाहेरच्या वस्तू वगळणं) आहे, पण काचेत दिसणारं मागचं झाड अचानक गायब झालं तर तो त्याचाच परिणाम समजा. गवतासारख्या पसरलेल्या गोष्टींना लावा, फर्निचरला नको. डिफॉर्मेशन मोशन ब्लरही (आकार बदलणाऱ्या वस्तूच्या हालचालीचा धूसरपणा) जागा खातो, मेशच्या हालचालीतल्या पायऱ्यांच्या प्रती ठेवाव्या लागतात. ज्या वस्तूची हालचाल नजरेत येत नाही तिचा तो ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमधून बंद करा. धूर-ढगांसाठी व्हॉल्यूमच्या रेंडर सेटिंगमध्ये ‘प्रिसिजन’ ‘हाफ’वर ठेवा, डोळ्याला कमतरता जाणवत नाही.

बफर आणि डिनॉइझर

४के फ्रेमच्या एका चार-चॅनल पासला (चित्रासोबत निघणाऱ्या माहितीच्या एका थराला), ३८४० बाय २१६० गुणिले १६ बाइट, साधारण १२७ एमबी लागतात. दहा पास लावले तर सव्वा जीबी. न वापरले जाणारे पास काढून टाका. क्रिप्टोमॅट (वस्तू वेगवेगळ्या निवडायला मास्क देणारा पास) तर एका टिकमध्ये अनेक चित्रं तयार करतो. होर्डिंगसाठी १२,००० बाय ८,००० चं चित्र काढायचं असेल तर एका पासलाच सुमारे दीड जीबी जातो. तिथे ‘परफॉर्मन्स’ खालची टाइलिंग, म्हणजे चित्र तुकड्या-तुकड्यांनी रेंडर करणं, कामी येते: २०४८ च्या टाइलला पासमागे फक्त ६४ एमबी. पुऱ्या झालेल्या टाइल टेंपररी फोल्डरमध्ये डिस्कवर लिहिल्या जातात, तेव्हा तिथे जागा आहे ना ते पाहा.

डिनॉइझिंग मात्र सगळ्या टाइल जोडून पूर्ण चित्रावर होतं, त्यामुळे टाइलिंगने वाचवलेली मेमरी तिथे पुन्हा मागितली जाते. ब्लेंडर ४.१ पासून ओपन इमेज डिनॉइझ हा डिनॉइझर कार्डावर चालू शकतो. कार्ड अपुरं पडत असेल तर डिनॉइझच्या सेटिंगमधली ‘यूज जीपीयू’ची टिक काढा. काम सीपीयूवर जातं, काही सेकंद जास्त लागतात, पण तासाभराचं रेंडर शेवटच्या टप्प्यावर वाया जात नाही.

रॅममध्ये सांडलं तर

कूडा आणि ऑप्टिक्स या एनव्हीडियाच्या बॅकएंडवर (कार्डाकडून काम करून घेण्याच्या पद्धतींवर) कार्ड भरलं की सायकल्स आपोआप सिस्टिमची रॅम वापरू पाहतं. टेक्स्चर आधी बाहेर काढली जातात. ही सोय फार उपयोगाची आहे, पण फुकट नाही. ३०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० जीबी वेगाने वाचली जाते. पीसीआयई, म्हणजे मदरबोर्ड आणि कार्ड यांमधला रस्ता; त्याच्या ४.० आवृत्तीच्या पूर्ण १६ लेनवरून रॅम वाचायची तर सुमारे ३२ जीबी. आणि साध्या मदरबोर्डवर दुसरा लांब स्लॉट दिसायला पूर्ण असला तरी आतून अनेकदा ४ लेनचाच असतो, ३.० च्या ४ लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ जीबी. म्हणजे ज्या लहान कार्डाला रॅमची गरज सर्वांत जास्त, तेच सर्वांत अरुंद रस्त्यावर उभं असतं. मिश्र मशीनवर रॅमच्या आधाराने चालणारं रेंडर रखडतं ते यामुळे. थोडीशी टेक्स्चर सांडली तर चालेल, निम्मा सीन सांडत असेल तर लहान कार्ड काढा.

रॅम किती हवी? सर्वांत मोठ्या कार्डाच्या मेमरीच्या दुप्पट तरी, म्हणजे १२ जीबीच्या कार्डाला ३२ जीबीची मशीन. १६ जीबीवर ब्लेंडर, विंडोज आणि सांडलेली टेक्स्चर यांची ओढाताण होते आणि सगळं डिस्कवर स्वॅप होऊ लागतं.

प्रत्येक कार्डाला वेगळं ब्लेंडर

ॲनिमेशनसाठी मला हा मार्ग सर्वांत पटतो. एकाच फ्रेमवर दोन कार्डं लावण्याऐवजी प्रत्येक कार्डासाठी वेगळं ब्लेंडर चालवायचं, फ्रेम आपोआप वाटल्या जातात. एनव्हीडिया आणि एएमडी अशी जोडी असेल तर दुसरा मार्गच नाही, कारण एका ब्लेंडरमध्ये एका वेळी कूडा, ऑप्टिक्स, हिप (एएमडी), वनएपीआय (इंटेल) यांपैकी एकच बॅकएंड निवडता येतो.

आउटपुट इमेज सिक्वेन्स ठेवा, व्हिडिओ नको. आउटपुट पॅनेलमध्ये ‘ओव्हरराइट’ची टिक काढा आणि ‘प्लेसहोल्डर्स’ची लावा. पहिलं ब्लेंडर एखादी फ्रेम घेतं तेव्हा तिथे रिकामी फाइल टाकून ठेवतं, दुसरं ती पाहून पुढच्या फ्रेमवर जातं. वेगवान कार्ड आपसूक जास्त फ्रेम उरकतं. फाइल सेव्ह करून दोन टर्मिनल उघडा. एनव्हीडियाची दोन कार्डं असतील तर प्रत्येक टर्मिनलमध्ये ‘कूडा व्हिजिबल डिव्हायसेस’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळी कॅपिटल अक्षरं, शब्दांमध्ये अंडरस्कोर) एकीकडे ० आणि दुसरीकडे १ असा द्या. कूडा स्वतःहून वेगवान कार्डाला ० क्रमांक देतं आणि एनव्हीडिया-एसएमआय स्लॉटच्या क्रमाने मोजतं, त्यामुळे क्रमांकांची गल्लत होते. ती टाळायला ‘कूडा डिव्हाइस ऑर्डर’ हा व्हेरिएबल ‘पीसीआय बस आयडी’वर ठेवा. मग बॅकग्राउंडसाठी डॅश बी, फाइलचं नाव, ॲनिमेशनसाठी डॅश ए, आणि त्यानंतर दोन सुटे डॅश देऊन ‘सायकल्स-डिव्हाइस’पुढे ऑप्टिक्स, किंवा एएमडीसाठी हिप. सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम द्यायची असेल तर ती डॅश एच्या आधी लिहा, ब्लेंडर पर्याय डावीकडून उजवीकडे पाळत जातं.

यात चुकतं काय? एखादं ब्लेंडर मधेच पडलं तर त्याने राखलेल्या फ्रेमची शून्य बाइटची फाइल मागे उरते आणि ती फ्रेम कुणीच करत नाही. रेंडर संपल्यावर फोल्डर आकारानुसार लावा, शून्याच्या फाइली काढा आणि तीच कमांड पुन्हा द्या. दुसरं म्हणजे रॅम: दोन ब्लेंडर म्हणजे सीन रॅममध्ये दोनदा. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट: लहान कार्डासाठी टेक्स्चर लिमिट कमी ठेवलेली वेगळी फाइल करण्याचा मोह टाळा. एक फ्रेम ४के टेक्स्चरची आणि पुढची २केची असली की चालत्या चित्रात भिंती लुकलुकतात. डिनॉइझरही दोन्हीकडे एकच हवा, एकीकडे ऑप्टिक्स आणि दुसरीकडे ओपन इमेज डिनॉइझ असं चालणार नाही.

सीन लहान कार्डात कशानेच मावत नसेल तर फ्रेमऐवजी शॉट वाटा. बाहेरचा झाडांनी भरलेला शॉट मोठ्याकडे, स्वयंपाकघरातला क्लोज-अप लहानाकडे. लुकडेव्ह (मटेरियल आणि प्रकाश जुळवून पाहणं), टेस्ट रेंडर, व्ह्यूपोर्ट अशी कामंही त्याला देता येतात, म्हणजे मोठं कार्ड रेंडर करत असताना तुमचा हात थांबत नाही.

दुसरं कार्ड घेताना

पहिलं कार्ड १२ जीबीचं असेल तर दुसरं १२ पेक्षा कमी मेमरीचं घेऊ नका, ते कितीही वेगवान असो. ८ जीबीचं ४०६० कागदावर ३०६० च्या पुढे आहे, पण दोघांना एकत्र लावलं की तुमची मर्यादा ८ जीबीवर येते. त्या पैशांत जुनं १२ जीबीचं ३०६० मिळत असेल तर जोडीला तेच बरं. बजेट वाढवता येत असेल तर १६ जीबीचं ४०६० टीआय. आणि पैसे देण्याआधी मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये दुसऱ्या स्लॉटपुढे किती लेन लिहिल्या आहेत ते वाचा. एम.२ एसएसडी लावल्यावर तो स्लॉट बंद होतो किंवा त्याच्या लेन कमी होतात, अशी टीप काही बोर्डांच्या मॅन्युअलमध्ये तळाला बारीक अक्षरात असते.